गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन परीक्षा

दिवाळी आटोपून साखर कारखान्यांची धुरांडी पेटू लागली, की कोल्हापूरच्या आसपासच्या शिवारांत मराठवाड्याच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून आलेली ही कुटुंबे चार-पाच महिने खोपटांत राहतात, पहाटे फडात शिरतात आणि ऊन तापू लागले म्हणजे गावी परततात. अशा टोळीतील चाळिशीची बाई अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार सहसा कोणाजवळ करीत नाही. केलीच तर ‘पिशवी खराब झाली असेल’ एवढेच उत्तर तिच्या वाट्यास येते. कोल्हापूर शहरातील सुखवस्तू घरच्या गृहिणीची अवस्था या एका बाबतीत फारशी निराळी नाही. दवाखाना तिच्या हाकेच्या अंतरावर आहे, पैशाचीही ददात नाही; परंतु काही दुखत-खुपत नसताना आपण होऊन तपासून घ्यावे, ही सवय तिलाही नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी काळी एकदा तरी झालेल्या स्त्रिया शंभरांत दोघीदेखील भरल्या नाहीत.

ज्या रोगासाठी ही तपासणी करावयाची, तो काही दुर्मीळ नव्हे. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. अधिक खेदाची गोष्ट अशी, की सर्व कर्करोगांत आधी हटकता येण्याजोगा असा हाच. एका सूक्ष्म विषाणूच्या संसर्गापासून खऱ्याखुऱ्या कर्करोगापर्यंत पोहोचण्यास त्याला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. एवढ्या दीर्घ काळात केव्हातरी एकदा कोणी नीट पाहिले, तर बिघडलेला भाग काही मिनिटांत नाहीसा करता येतो आणि पुढचे सारे टळते.

प्रश्न उरतो तो पाहावयाचे कसे, याचा. त्यासाठी आज तीन परीक्षा प्रचारात आहेत.

पहिली परीक्षा पेशींची. ग्रीसमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्क येथे काम करणारे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९२८ साली ती प्रथम मांडली. रुमानियातील ऑरेल बाबेश यांनीही सुमारे त्याच वेळी, स्वतंत्रपणे, त्याच दिशेने काम केले होते. १९४१ नंतर पापानिकोलाऊ यांच्या पद्धतीस मान्यता मिळाली आणि त्यांच्याच नावावरून तिला ‘पॅप’ हे सुटसुटीत नाव पडले. गर्भाशयाच्या मुखावरून चपट्या काडीने अगर मऊ कुंचल्याने थोड्या पेशी खरवडून घ्यावयाच्या, काचपट्टीवर पसरावयाच्या, रंगवावयाच्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्यांची रूपे न्याहाळावयाची. यास पेशींचा जाणकार डॉक्टर लागतो, प्रयोगशाळा लागते आणि निकालासाठी थांबावे लागते.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. तीन ते पाच टक्के तीव्रतेचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरात लोणच्याला वापरतात तेच व्हिनेगर, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखास लावावयाचे आणि एक मिनिट थांबावयाचे. बिघडलेल्या पेशींचा भाग तेवढा दाट पांढरा दिसू लागतो. शिकविलेली परिचारिका हे काम करू शकते आणि उत्तर तेथल्या तेथे मिळते. आरोग्यसेविकांच्या तोंडी हिचे नाव ‘व्हाया’ असे आहे.

तिसरी परीक्षा प्रत्यक्ष कारणाची. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी १९८३ साली या कर्करोगाच्या पेशींत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, एक विशिष्ट प्रकार दाखवून दिला. याच कार्यासाठी २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. परंतु १६ आणि १८ या क्रमांकांचे दोन प्रकारच जगातील सुमारे सत्तर टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांस कारणीभूत आहेत. तेव्हा पेशी कशा दिसतात हे पाहण्याऐवजी त्या ठिकाणी घातक विषाणूचे अस्तित्व आहे की नाही, एवढेच यंत्राने तपासणे, हे या परीक्षेचे तत्त्व होय.

या तिघींत श्रेष्ठ कोणती? ग्रंथांत वाद पुष्कळ झाले. पण निर्णायक उत्तर कोणत्याही युरोपीय राजधानीतून आले नाही. ते आले ज्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्याच भागातून, त्या वेळच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यांतून.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागासाठी कर्करोग-नोंदणीचे काम सुरू झाले होते. कोणत्या गावात कोणास कर्करोग झाला आणि पुढे त्याचे काय झाले, हे घरोघर जाऊन टिपण्याची शिस्त तेथे लागली होती. तिच्या आधारावर बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा प्रयोग हाती घेतला. डॉ. आर. शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख होते. गावांचे ५२ समूह पाडण्यात आले आणि तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचा त्यांत समावेश झाला. कोणत्या समूहास कोणती परीक्षा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडीवाचून ठरविण्यात आले. एका गटास विषाणूची परीक्षा, दुसऱ्यास पेशींची, तिसऱ्यास व्हिनेगरची; आणि चौथ्या गटास तपासणी नाही, फक्त रोगाची माहिती व नेहमीचा औषधोपचार. प्रत्येक स्त्रीची परीक्षा एकदाच व्हावयाची होती. त्यानंतर आठ वर्षेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवण्यात आले.

या प्रयोगाचे दोन निकाल आहेत, आणि दोहोंमधील अंतर हेच त्यातून शिकण्यासारखे आहे.

पहिला निकाल तपासणीच्या वेळचा. व्हिनेगरच्या परीक्षेत शंभरांपैकी सुमारे चौदा स्त्रिया संशयित ठरल्या, विषाणूच्या परीक्षेत सुमारे दहा आणि पेशींच्या परीक्षेत सात. पुढील तपासाअंती कर्करोगाच्या उंबरठ्यावरचा खरा बिघाड ज्यांच्यात आढळला अशा स्त्रियांचे प्रमाण मात्र तिन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. दर हजारी सात, नऊ आणि दहा. एवढ्यावरच हिशेब मिटविला असता, तर ‘तिन्ही परीक्षा सारख्याच, मग स्वस्त तीच बरी’ असे म्हणून सारे मोकळे झाले असते. आणि तसे म्हणणारे होतेही.

दुसरा निकाल आठ वर्षांनंतरचा. तो २००९ सालच्या एप्रिल महिन्यात प्रसिद्ध झाला. ज्या गटात काहीच तपासणी नव्हती त्यात या रोगाने ६४ स्त्रिया मृत्यू पावल्या होत्या. व्हिनेगरच्या गटात ५६, पेशींच्या गटात ५४, आणि विषाणूच्या गटात ३४. चारही गट आकाराने साधारण सारखे, प्रत्येकी एकतीस ते चौतीस हजार स्त्रियांचे होते. पहिल्या दोन परीक्षांनी झालेली घट इतकी अल्प होती, की ती योगायोगानेही घडू शकली असती, असे संख्याशास्त्र सांगते. विषाणूच्या परीक्षेने मात्र मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले होते. आणि रोग हाताबाहेर गेल्यावर उघडकीस येण्याचे प्रमाणही निम्म्याहून खाली गेले होते.

तपासणीच्या दिवशी सारख्या दिसणाऱ्या परीक्षांत आठ वर्षांनी एवढे अंतर का पडावे? याचे उत्तर, ज्यांना ‘तुम्हाला काही नाही’ असे सांगून घरी पाठविले, त्या स्त्रियांच्या नोंदींत सापडते. अशा निर्धास्त झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोग होण्याचे वार्षिक प्रमाण व्हिनेगरच्या गटात लाखी १६, पेशींच्या गटात १५.५, आणि विषाणूच्या गटात अवघे ३.७ इतके होते. म्हणजे तिन्ही परीक्षांचे ‘आहे’ हे उत्तर साधारण एका तोलाचे होते. फरक होता तो ‘नाही’ या उत्तराच्या भरवशात. आज बिघडलेली पेशी डोळ्यांस दिसते. उद्या बिघडणारी दिसत नाही. विषाणूची परीक्षा उद्याचाही अंदाज देते, कारण जेथे विषाणूच नाही तेथे पुढील कित्येक वर्षे रोग उद्भवण्याचे कारणच उरत नाही.

आयुष्यात एकदाच तपासल्या जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा भेद जीवनमरणाचा आहे. शाहूवाडी, गगनबावडा किंवा चंदगड तालुक्यातील एखाद्या वाडीवरील बाईला कोल्हापूरपर्यंत येण्यास अख्खा दिवस मोडावा लागतो. रोजगार बुडतो, गुरांची सोय पाहावी लागते. ती पुन्हा तीन वर्षांनी येईल, असे धरून चालणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. तिला मिळणारे एकमेव ‘नाही’ खरे असले पाहिजे.

याचा अर्थ जुन्या परीक्षा निरुपयोगी, असा मात्र कोणी करू नये. त्यांचे बळ पुनरावृत्तीत आहे. पॅप परीक्षेचा इतिहास याची साक्ष देतो. १९६५ ते १९८२ या काळात आइसलँडमध्ये, जेथे देशातील बहुतेक स्त्रियांना ठरावीक काळाने बोलावणे जाई, तेथे या रोगाचे मृत्यू ८० टक्क्यांनी घटले. नॉर्वेमध्ये, जेथे तशी देशव्यापी व्यवस्था त्या वेळी नव्हती, तेथे घट अवघी १० टक्के झाली. परीक्षा एकच, फरक होता तो हाक मारण्याच्या शिस्तीचा.

व्हिनेगरच्या परीक्षेविषयी मुंबईने असाच धडा दिला. टाटा स्मारक केंद्राने १९९८ साली शहरातील झोपडवस्त्यांत आणखी एक प्रयोग सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडूनच ही परीक्षा करविण्यात आली. पण एकदा नव्हे, दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा. दीड लाखांहून अधिक स्त्रिया या प्रयोगात होत्या. बारा वर्षांच्या हिशेबात, तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात तर शिकविलेल्या परिचारिकांनी एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या परीक्षेनेही, उपचाराची जोड मिळताच, मृत्यूंत ३५ टक्के घट घडवून आणली. त्यावरून असे दिसते, की ही परीक्षा पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि शिक्षणावर फार अवलंबून आहे. एका हाती ती यशस्वी ठरते, दुसऱ्या हाती फसते. यंत्राच्या परीक्षेत हा दोष पुष्कळ कमी असतो.

या प्रयोगांबद्दल कृतज्ञता बाळगताना एका गोष्टीकडे डोळेझाक करणे योग्य नाही. उस्मानाबादच्या चौथ्या गटातील ६४ स्त्रियांचे मृत्यू हे केवळ तुलनेचे आकडे नव्हेत. पॅप परीक्षेची उपयुक्तता पाश्चात्त्य देशांत सिद्ध झालेली असताना हजारो गरीब स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे नीतीस धरून होते काय, असा आक्षेप पुढे अमेरिकेतील व भारतातील काही डॉक्टरांनी जाहीरपणे घेतला. प्रयोगकर्त्यांचे उत्तर असे, की त्या काळी या देशात कोणत्याच खेड्यात अशी तपासणी नव्हती; चौथ्या गटास जे मिळाले तेच साऱ्या देशास मिळत होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु वाद कसाही मिटो, एवढे निश्चित, की हे ज्ञान फार महाग पडलेले आहे. ते वापरात न आणता कपाटात ठेवणे, ही त्या स्त्रियांच्या बाबतीत दुसरी उपेक्षा ठरेल.

ज्ञानाच्या अभावी काय घडते, याचे उदाहरणही त्याच मुलखात सापडते. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकलेली आढळली. पाळीच्या दिवसांत फडावरचा खाडा परवडत नाही, हे त्यामागील एक कारण. आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती दुसरे. ज्या शंकेचे निरसन एका कापसाच्या बोळ्याने झाले असते, तिच्यापायी पंचविशी-तिशीतील स्त्रियांच्या पोटावर कायमचा घाव बसला. तपासणी म्हणजे केवळ रोग शोधणे नव्हे. नसलेल्या रोगाच्या धास्तीतून सोडविणे हेही तिचे तितकेच मोठे कार्य आहे.

जगाने उस्मानाबादचा निकाल ऐकला. ऑस्ट्रेलियाने २०१७ सालच्या डिसेंबरपासून पॅप सोडून विषाणूची परीक्षा स्वीकारली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच परीक्षा प्रथम करावी, अशी शिफारस केली. सर्वसाधारण स्त्रीसाठी तिचा सल्ला असा: वयाच्या तिसाव्या वर्षापासून आरंभ करावा आणि निकाल निर्दोष आल्यास पाच ते दहा वर्षांनी पुन्हा तपासावे. पॅप अगर व्हाया असल्यास मात्र तीन वर्षांहून अधिक अंतर नसावे. एचआयव्हीची लागण असलेल्या स्त्रियांनी पंचविसाव्या वर्षापासूनच आणि अधिक वेळा तपासून घ्यावे. भारत सरकारच्या २०१६ सालच्या मार्गदर्शनात तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हाया सांगितली आहे. तथापि पाळी थांबलेल्या स्त्रीच्या बाबतीत तपासावयाचा भाग आत सरकतो व डोळ्यांस नीट दिसत नाही. म्हणून त्या वयात व्हायावर विसंबणे इष्ट नव्हे.

विषाणूच्या परीक्षेची मोठी अडचण होती ती खर्चाची. परदेशी यंत्रे व रसायने महाग पडत. आता गोव्याच्या मोलबायो आणि पुण्याच्या मायलॅब या कंपन्यांनीही अशा चाचण्या बनविल्या आहेत. याशिवाय या परीक्षेचा एक गुण असा, की नमुना घेण्यास डॉक्टरची गरज नाही. स्त्रीला स्वतःच, आडोशाला, मऊ काडीने तो घेता येतो. टेबलावर निजण्याच्या संकोचापायी ज्या तपासणीलाच जात नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय लहान नव्हे. आणि व्हिनेगरची परीक्षाही वाया जात नाही. विषाणू आढळलेल्या स्त्रीवर कोणता उपचार लागू पडेल, हे ठरविताना तिचा उपयोग होतो. कालपर्यंतच्या प्रतिस्पर्धी परीक्षा अशा रीतीने एकमेकींच्या मदतनीस होऊ शकतात.

विषाणू आढळला म्हणजे काय, हे घरातील सर्वांनी, विशेषतः पुरुषांनी, नीट समजून घेणे अगत्याचे आहे. तो आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. हा संसर्ग अतिशय सार्वत्रिक आहे आणि बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. जो टिकून राहतो त्याच्याकडेच लक्ष पुरवावे लागते. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू वर्षानुवर्षे मूकपणे राहू शकत असल्यामुळे तो केव्हा आणि कोणाकडून आला, हे कोणतीही परीक्षा सांगू शकत नाही. तेव्हा निकालाच्या कागदावरून पतिपत्नींनी एकमेकांच्या शीलाविषयी तर्क करणे, हे अज्ञान तर आहेच, शिवाय अन्यायही आहे. अशा एका संशयाच्या भयाने पुढच्या तपासणीला न गेलेली स्त्री रोगापेक्षा घराच्या बोलण्याने अधिक धोक्यात येते.

दोन सूचना अखेरीस लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव होणे, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, ही लक्षणे असतील तर कोणती परीक्षा चांगली याचा विचार करीत न बसता सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. या तिन्ही परीक्षा तक्रार नसलेल्या स्त्रियांसाठी आहेत. दुसरे असे, की मुलींना देण्याच्या प्रतिबंधक लसीने तपासणीची गरज संपत नाही. २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीस परवानगी मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु लस विषाणूच्या सर्वच घातक प्रकारांना अडवीत नाही, आणि आज चाळिशीत असलेल्या आईला मुलीच्या लसीचा काही उपयोग नाही.

सुशिक्षित घरांच्या हाती निवड आहे. तेथील स्त्रीने तिशी ओलांडल्यावर आपल्या डॉक्टरांना ‘विषाणूची परीक्षा होईल काय?’ असे स्वतः विचारावे. ती न मिळाल्यास पॅप करून घ्यावी आणि तीन वर्षांनंतरची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. त्याच घरी भांडी घासणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, दूध घालणाऱ्या बायकांनाही हे ठाऊक होईल, एका दिवसाची भरपगारी रजा देऊन त्यांना रुग्णालयात पाठविले जाईल, तर उस्मानाबादच्या स्त्रियांकडून जे शिकावयास मिळाले ते त्यांच्याच बहिणींच्या कामी आले, असे म्हणता येईल. परीक्षा कोणतीही निवडली, तरी जी केलीच नाही ती सर्वांत निकृष्ट.